मण्यार

इलॅपिडी सर्पकुलातील एक अत्यंत विषारी साप. याचे शास्त्रीय नाव बंगॅरस सीरुलियस आहे. भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश व श्रीलंका या देशांत तो आढळतो. याची लांबी साधारणपणे १ मी. असते. रंग चकचकीत काळा किंवा निळसर काळा असून त्यावर पांढरे, अरुंद आडवे पट्टे बहुधा जोडीने असतात. ते मानेजवळ अस्पष्ट व शेपटीकडे ठळक होत जातात. बिनविषारी कवड्या सापाचे पट्टे याउलट मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. तथापि ओळख पटविण्यासाठी सापाजवळ जाणे धोक्याचे असते.

मण्यार निशाचर असून उंदीर, पाली, बेडूक व इतर साप खातो. भक्ष्याच्या शोधात तो घरात शिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाचा नकळत धक्का लागल्यास तो चावतो. दंशाच्या जागी वेदना व सूज फारशी नसल्याने पुष्कळदा झोपमोडही होत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता व बोलता न येणे ही लक्षणे दिसू लागतात. विष तंत्रिकांची टोके निकामी करते. त्यामुळे श्वसनाचे स्नायू लुळे पडून मृत्यू ओढवतो.

प्रतिबंध सोपा आहे. खाटेवर झोपावे, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात व पांघरूण जमिनीवर लोंबू देऊ नये. सरपण, गोवऱ्या व विटांचे ढीग घराच्या भिंतीला लागून रचू नयेत. धान्य झाकून ठेवल्यास उंदीर कमी होतात. भिंतीतील बिळे बुजवावीत, मोरीच्या तोंडाला जाळी बसवावी आणि रात्री बाहेर जाताना विजेरी वापरावी.

जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीत वरील लक्षणे आढळल्यास दंशाची खूण दिसत नसली, तरी सर्पदंशाची शंका घ्यावी. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे किंवा मंत्रोपचारात वेळ घालविणे घातक ठरते. दंश झालेला अवयव न हलविता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. भारतात तयार होणारे बहुशक्तिक प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषांवर चालते. परंतु निकामी झालेली तंत्रिकाटोके त्याने लगेच पूर्ववत होत नाहीत. अशा वेळी काही दिवस कृत्रिम श्वसन दिल्यास रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो.