वाळूखालची पांढरी पट्टी

जैसलमेरच्या मुलखात वर्षाकाठी जेमतेम दीडशे-दोनशे मिलिमीटर पाऊस होतो. जमिनीखाली पाणी आहे, पण खूप खोल, आणि बऱ्याच ठिकाणी तोंडात धरवणार नाही इतकं खारं. तरीही या वाळवंटात शतकानुशतकं माणसं राहिली, उंट-शेळ्या राखल्या, लग्नकार्यं केली. ती पीत काय होती?

चुरू, बिकानेर, जैसलमेर, बाडमेर या भागात काही ठिकाणी वाळूच्या खाली खडीचा, म्हणजे जिप्समचा, पांढरा थर पसरलेला आहे. कुठे पंधरा हातांवर, कुठे साठ हातांवर. पाऊस पडला की पाणी वाळूत मुरतं आणि या थरावर अडतं. खालच्या खाऱ्या पाण्यात ते मिसळत नाही. वरूनही फारसं उडून जात नाही, कारण वाळू काळ्या मातीसारखी भेगाळत नाही. थेंब कणाकणाला ओलावा होऊन चिकटून राहतो. हा ओलावा म्हणजे तिथलं ‘रेजाणी’ पाणी. डोळ्यांना दिसणारं पावसाचं ते ‘पालर’, आणि खोल विहिरीतलं ते ‘पाताल’. हा ओलावा पुन्हा पाणी करून घ्यायचा तर त्यासाठी ‘कुंई’ खणायची.

कुंई म्हणजे अतिशय अरुंद, खोल विहीर. आत माणूस जेमतेम बसून खणू शकेल एवढीच रुंदी. खणणाऱ्या चेजाऱ्याच्या डोक्यावर धातूचं भांडं असतं, कारण वरून काय पडेल याचा नेम नाही. वरचे लोक अधूनमधून मूठभर वाळू जोराने खाली फेकतात. तिच्यासोबत ताजी हवा आत जाते आणि खालची कोंदट गरम हवा वर येते. भिंत ढासळू नये म्हणून खीप नावाच्या झुडपाचा जाड दोर वळून त्याची वेटोळी आतून तळापासून चढवत आणतात. खडीचा थर लागला की खणणं थांबवायचं. तो फुटला तर सगळं संपलं.

एवढी अरुंद का, याचं कारण तिथल्या माणसांनी नेमकं ओळखलं होतं. पाणी झिरपतं थेंबाथेंबाने, दिवसाला दोन-चार घागरी. रुंद विहिरीत ते तळाला पसरलं असतं आणि बादली बुडालीच नसती. कुंईच्या तोंडावर झाकण, काही ठिकाणी झाकणाला कुलूप. कुंई घराच्या मालकीची, पण ती जिथे खणायची ती जमीन गावाची. ओलावा सगळ्यांचा एकच असल्याने नवी कुंई खणायला गावाची संमती लागे. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात हे सारं तपशिलाने टिपून ठेवलं आहे.

याच मुलखात पुढे कालव्याचं पाणी आलं. आता त्या कालव्याकडे येऊ. 1899-1900 च्या छप्पनिया दुष्काळाने बिकानेर संस्थानाचं कंबरडं मोडलं. महाराजा गंगासिंहांनी सतलजचं पाणी आणणारा गंग कालवा 1927 मध्ये सुरू केला. त्याच संस्थानातले अभियंते कंवर सेन यांनी 1948 मध्ये आणखी मोठी कल्पना मांडली. सतलज आणि बियास यांच्या संगमावर, पंजाबातल्या हरिके इथे पाणी वळवायचं आणि थेट जैसलमेरपर्यंत न्यायचं. 1958 मध्ये कामाचा पाया घातला गेला, 1960 च्या सिंधू करारात पूर्वेकडच्या नद्या भारताच्या वाट्याला आल्या, आणि 1987 मध्ये पाणी मुख्य कालव्याच्या टोकाला, मोहनगडला पोहोचलं. फीडर आणि मुख्य कालवा मिळून लांबी 649 किलोमीटर. राजस्थान कालवा हे आधीचं नाव 1984 मध्ये बदलून इंदिरा गांधी नहर झालं.

बदल अफाट झाला, यात वाद नाही. जिथे सेवण गवत आणि मेंढ्या होत्या तिथे गहू, मोहरी, नरमा कापूस उभा राहिला. पंचवीस-पंचवीस बिघ्यांचे मुरब्बे, म्हणजे शेतजमिनीचे चौकोन, आखले गेले, वाराबंदीने पाण्याच्या पाळ्या ठरल्या, आणि कालव्याच्या अंतरांचे आकडेच गावांची नावं झाली. बियासवरच्या पोंग धरणाने हिमाचलात उठवलेल्या कुटुंबांनाही इथे जमिनी देण्याचं ठरलं होतं. त्या आश्वासनाची कहाणी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि अजून पुरती मिटलेली नाही.

आणि पांढरी पट्टी? ती होती तिथेच होती.

वर्षाला वीतभर पावसाचं पाणी अडवून धरणारा थर आता बारमाही सिंचनाचं पाणी अडवून धरू लागला. कुठे जिप्सम, कुठे चिकणमाती, कुठे चुनखडीचा कठीण थर, पण परिणाम सगळीकडे सारखाच. मुरलेलं पाणी खाली जाईना, आणि नैसर्गिक निचरा असा या मुलखाला नाहीच. कालव्याच्या पहिल्या टप्प्यातल्या भागात भूजल वर्षाला मीटरभराच्या हिशेबाने वर चढत गेलं. येताना वाटेतले क्षार घेऊन आलं. शेतं दलदल झाली, वर मिठाची साय धरली. तिथले लोक याला ‘सेम’ म्हणतात. शिरोळ-वाळव्याकडच्या ऊस पिकवणाऱ्यांना क्षारपड जमीन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. फरक इतकाच की राजस्थानात हे वाळवंटात घडलं.

हनुमानगड जिल्ह्यातलं बडोपल हे त्याचं गाजलेलं उदाहरण. घग्गर नदीच्या पुराचं पाणी वाळूच्या टेकड्यांमधल्या खळग्यांत सोडण्याचा उद्योगही त्याच भागात झाला होता, त्याची भर पडली. घरांच्या भिंती खचल्या, शेतं पाण्याखाली गेली. आज तिथल्या खाऱ्या पाणथळीवर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात आणि पक्षीप्रेमी दुर्बिणी घेऊन येतात. ज्यांची शेतं गेली त्यांना याचं कौतुक कितपत असेल?

माझ्या मते चूक कालवा खणण्यात नव्हती. जोधपूर आणि बिकानेर आज याच नहरीच्या लिफ्ट कालव्यांचं पाणी पितात, कुंईवर ही शहरं जगली नसती. चूक पाण्याचा हिशेब फक्त वरच्या बाजूने मांडण्यात होती. किती क्युसेक आलं, किती हेक्टर भिजलं, एवढंच मोजलं. खाली काय आहे हे चेजाऱ्याला ठाऊक होतं. नियोजनात त्या माहितीला निचऱ्याइतकीच दुय्यम जागा मिळाली.

उपाय झाले ते मागाहून. कालव्याकाठी नीलगिरी लावली गेली, कारण हे झाड पाणी शोषण्यात पटाईत. काही ठिकाणी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घातल्या. पण उपसलेलं खारं पाणी टाकायचं कुठे, हा प्रश्न उरतोच, कारण समुद्राकडे जाणारी नदी इथे नाही.

दुसरीकडे कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याची तक्रार नेमकी उलटी. वरच्या भागात पाणी साचतं आणि त्याच्या चरीत येतच नाही. 2004 मध्ये घडसाना-रावला भागात पाण्यासाठी पेटलेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. जे येतं तेही स्वच्छ नसतं. लुधियानाचं सांडपाणी वाहून नेणारा बुड्ढा नाला हरिकेच्या वरच्या अंगाला सतलजला मिळतो. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी नहरबंदी झाली की शहरंही हवालदिल होतात.

म्हणून आता शेताशेतात ‘डिग्गी’ दिसते. आपल्या पाळीचं पाणी साठवायचा हौद, तळाला सिमेंट किंवा प्लास्टिक, आणि पुढे तुषार सिंचनाचे पाइप. सरकार त्याला अनुदान देतं. शेतकरी ती बांधतो ते पाळीचा भरवसा नाही म्हणून. सेमची चिंता त्याच्या मनात असलीच तर दुसऱ्या क्रमांकावर. पण भर पाटाने शेत बुडवण्यापेक्षा तुषारने कमी पाणी खाली मुरतं, त्यामुळे पट्टीवरचा भार हलका होतो, तो जाता जाता.