खर्रूबची शेंग आणि सोन्याचा कॅरट

दागिना २२ कॅरटचा आणि हिरा अर्ध्या कॅरटचा, असे आपण म्हणतो. या ‘कॅरट’चे मूळ एका शेंगेत आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत वाढणाऱ्या या सदाहरित वृक्षाला अरबीत ‘खर्रूब’ म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव सेराटोनिया सिलिक्वा. चिंचेप्रमाणेच तो शिंबावंत कुळातला. त्याच्या चपट्या, तपकिरी शेंगांचा गर गोड असतो. इजिप्तमध्ये त्याचे सरबत आजही आवडीने पितात.

‘खर्रूब’ हा शब्द लिखित अरबीहून पुष्कळ जुना आहे. मेसोपोटेमियातील अक्कादी भाषेत ‘खरूबू’, अरामीत ‘हर्रूबा’, हिब्रूत ‘हारूव’ अशी त्याची रूपे आढळतात. या सर्व सेमिटिक भाषाकुलातील भाषा. इ. स. ७११ मध्ये अरबी सत्ता स्पेनमध्ये पोहोचली. तेथे ‘अल्’ हे अरबी उपपद शब्दालाच चिकटले आणि स्पॅनिशमध्ये ‘अल्गारोबा’ झाले. फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेलेला शब्द मात्र उपपदाशिवाय ‘कॅरब’ झाला.

कॅरब आणि कॅरट यांचा उच्चार जवळचा, म्हणून दोन्ही शब्द एकच असावेत असे वाटते. पण तसे नाही. ग्रीकमध्ये शिंगाला ‘केरास’ म्हणतात. शेंग वाकड्या शिंगासारखी, म्हणून तिचे नाव ‘केरातिओन’, म्हणजे छोटे शिंग. त्यावरून अरबीत ‘कीरात’ हे वजनाचे नाव आले आणि पुढे युरोपीय भाषांत ‘कॅरट’ रूढ झाले. म्हणजे झाड एकच, पण ‘खर्रूब’ सेमिटिक आणि ‘कीरात’ ग्रीक! केवळ उच्चारसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये, ती यासाठीच.

रोमन लोक या वजनाला ‘सिलिक्वा’ म्हणत. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या ‘सॉलिडस’ या सोन्याच्या नाण्याचे वजन २४ सिलिक्वा, म्हणजे सुमारे ४.५ ग्रॅम होते. शुद्ध सोने २४ कॅरटचे मानण्यामागे हाच हिशेब आहे. २२ कॅरट म्हणजे २४ पैकी २२ भाग सोने. हॉलमार्कवरचा ९१६ हा आकडा तेच हजारांत सांगतो. रत्नांसाठीचा कॅरट मात्र वजनाचा. १९०७ मध्ये तो २०० मिलिग्रॅम ठरवण्यात आला.

या बियांची निवड का झाली? त्या सर्व सारख्याच वजनाच्या असतात, असे अनेक पुस्तकांत सांगितलेले असते. २००६ मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकातील एका अभ्यासाने ते तपासले. खर्रूबच्या बियांच्या वजनात इतर वनस्पतींच्या बियांइतकाच फरक आढळला. मात्र माणसे नुसत्या नजरेने बऱ्यापैकी सारख्या बिया निवडू शकतात, असेही दिसले. अचूकपणा बीपेक्षा निवडणाऱ्याच्या नजरेत अधिक होता.

आपल्याकडे सोनार गुंजेने सोने तोलत. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. गुंजही शिंबावंत कुळातलीच, पण तिच्या बिया विषारी असल्याने वर्गातील प्रयोगासाठी चिंचोके घ्यावेत. न निवडता घेतलेले ३० चिंचोके एकेक तोलून नोंद करावी. मग विद्यार्थ्यांनी नजरेने सारखे वाटणारे ३० निवडून तेही तोलावेत. दोन्ही गटांतील सर्वांत जड व सर्वांत हलक्या बीमधला फरक काढला, की जुन्या सराफाचे कौशल्य आकड्यांत दिसेल.