झोपडीतली सुंता आणि दवाखान्यातली

दीक्षेचा हंगाम सुरू झाला की दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातून मृत्यूच्या बातम्या येतात. खोसा समाजातली कोवळी पोरं 'पुरुष' व्हायला रानातल्या झोपडीत जातात, तिथे त्यांची सुंता होते, आणि त्यातली काही परत येत नाहीत. बातमीच्या शेवटी हटकून येतं: सुंतेमुळे एचआयव्हीचा धोका घटतो. हे खरं आहे, पण झोपडीतल्या सुंतेला ते लागू करणं घातक आहे.

धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटतो हे आफ्रिकेतल्या ऑरेंज फार्म, किसुमू आणि राकाई इथल्या चाचण्यांनी दाखवलं आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुंतेची शिफारस केली. त्याआधीच, २००४ साली, पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांतल्या पुरुषांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला होता. सुंता झालेल्यांत एचआयव्हीची लागण फारच कमी होती. गरमी किंवा परम्याच्या बाबतीत मात्र तसं संरक्षण दिसलं नाही. निव्वळ वागणुकीचा परिणाम असता, तर हे रोगही घटायला हवे होते. सुंतेत काढल्या जाणाऱ्या कातडीच्या आतल्या नाजूक अस्तरात विषाणूला सहज सापडणाऱ्या पेशी असतात, या जैविक कारणाला त्यामुळे मोठं बळ मिळालं. पुण्याच्या या कामाची आपल्याकडे फारशी आठवण काढली जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण चाचण्यांत डॉक्टरांनी ती कातडी निर्जंतुक हत्यारांनी पूर्ण काढली होती. झोपडीत पारंपरिक सुंता करणारा, म्हणजे इंगचिबी, अनेकदा ती अर्धवट कापतो. मग संरक्षणही भरवशाचं राहत नाही. एकच पातं अनेकांवर चाललं, तर त्यातूनच विषाणू पसरू शकतो. शिवाय कित्येक मुलांचे शरीरसंबंध दीक्षेआधीच सुरू झालेले असतात, म्हणजे लागण आधीच झालेली असू शकते.

आणि जीव जातो तो बहुधा कापण्याने नव्हे, नंतरच्या चुकीच्या देखभालीने. पट्टी इतकी आवळतात की अवयव सडतो, जखम चिघळून विष अंगभर भिनतं. सुरुवातीचे दिवस पाणी तोडतात. दवाखान्यात जाणं म्हणजे नामुष्की, म्हणून पोरगा गप्प राहतो.

विधीच बंद करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. खोसा समाजातल्या नेल्सन मंडेलांची सुंता सोळाव्या वर्षी म्बाशे नदीकाठी झाली. त्या समाजात हा विधी झाल्याशिवाय पुरुषाला पुरुष मानत नाहीत. पण परंपरा वळते. राजा शाकाच्या काळापासून दक्षिण आफ्रिकेतल्याच झुलू समाजात सुंता बंद होती. २००९ मध्ये राजा झ्वेलिथिनी यांनी ती परत आणायचं जाहीर केलं आणि काम डॉक्टरांच्या हाती गेलं. खोसांच्या झोपडीतही प्रशिक्षित परिचारक, प्रत्येकाला वेगळं पातं आणि पिण्याचं पाणी पोचलंच पाहिजे. दीक्षेचे ते आठवडे कंडोमबद्दल बोलायलाही वापरावेत, कारण ६० टक्के म्हणजे कवच नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या २०२१ च्या कायद्याने किमान वय १६, वैद्यकीय तपासणी आणि दीक्षाशाळांची, म्हणजे अशा झोपड्यांची, नोंदणी सक्तीची केली आहे. बेकायदा शाळा तरीही चालूच आहेत. त्या चालवणाऱ्यांना तुरुंगात धाडायला हवं.