गणेशखिंडीचा लाटसाहेबांचा बंगला

उंच मनोरा, कमानींच्या रांगा, पुढे ऐसपैस हिरवळ. भोर-वेल्ह्यातून पुण्यात आलेला विद्यार्थी विद्यापीठाची मुख्य इमारत लगेच ओळखतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या चित्र-पोस्टकार्डांवरही हीच इमारत आहे, पण खाली नाव छापलंय ‘गव्हर्नमेंट हाउस, गणेशखिंड’. तेव्हा हा लाटसाहेबांचा, म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होता.

जाणकार असं कार्ड हातात आलं की आधी ते उलटून पाहतात. जुन्या कार्डाची पाठ फक्त पत्त्यासाठी असे; खुशाली लिहायची ती चित्राखालच्या चिंचोळ्या पट्टीत. जागा संपली की अक्षरं थेट आभाळावर चढत! 1902 मध्ये ब्रिटनच्या टपाल खात्याने पाठीवर मधोमध रेघ मारून डावी बाजू मजकुराला मोकळी केली, मग इतर देशांतही तेच झालं आणि चित्राला अख्खी पुढची बाजू मिळाली. त्या काळी भारतातल्या देखाव्यांची कितीतरी कार्डं जर्मनीत छापली जात. काळ्या-पांढऱ्या फोटोवर रंग चढवणाऱ्याने पुणं पाहिलेलंही नसे. म्हणून कार्डावरच्या रंगांवर विसंबू नये; कमानी मात्र खऱ्या.

बांधकाम 1864 मध्ये सुरू झालं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईचा कापूस सोन्याच्या मोलाने विकला जात होता, तेव्हाची ही गोष्ट. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर, वास्तुकार जेम्स ट्रबशॉ. इमारत पुरी व्हायला 1871 उजाडलं, तोवर फ्रिअर पदावरून गेलेही होते.

कार्डावरचा देखावा शांत, निवांत आहे. पण 22 जून 1897 च्या रात्री याच बंगल्यात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ होता. प्लेगच्या बंदोबस्तात पुणेकरांची घरं धुंडाळणारा इंग्रज अधिकारी रँड तिथून परतत असताना चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याला गाठून गोळ्या झाडल्या. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला. ही हकिकत ठाऊक असलेल्याला ते कार्ड पुन्हा पूर्वीसारखं दिसत नाही.

आपला विद्यार्थी ज्या भोर-वेल्ह्यातून येतो, तिथले राजगड आणि तोरणा हे किल्ले तेव्हा पंत सचिवांच्या भोर संस्थानात होते. संस्थान 8 मार्च 1948 ला विलीन झालं. पुढच्याच वर्षी, 1949 मध्ये, लाटसाहेबांच्या या आवारात पुणे विद्यापीठ उभं राहिलं. जागा मिळवून देण्यात मुंबईचे तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांचा पुढाकार होता. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. सुरुवातीला बारा जिल्हे विद्यापीठाच्या कक्षेत होते. 2014 मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं.

भोरचं अनंतराव थोपटे महाविद्यालय याच विद्यापीठाशी संलग्न आहे. डोंगरातल्या वाड्यांमधून एसटीने तिथे शिकायला येणाऱ्या मुलामुलींच्या पदवीवर सावित्रीबाईंचं नाव असतं.