दीड बाय दीड

आमच्या भागातल्या गॅलऱ्यांमधून दिसणारे पक्ष्यांचे पिंजरे जवळजवळ सगळे एकाच मापाचे आहेत. आत दोन पक्षी असोत की आठ, पिंजरा दीड फूट लांब, दीड फूट उंच. हे माप ठरवतं कोण, ते बघायला मी पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या पलीकडे एका पिंजरेवाल्याच्या गाळ्यात जाऊन बसले.

“ग्रिल ठरवते, ताई,” चाचा मान वर न करता म्हणाले. “लोक पक्षी बघून माप सांगत नाहीत. घरून ग्रिलचं माप घेऊन येतात. कुंड्या ठेवून, कपड्यांची दोरी सोडून जे उरतं ते दीड फूट.”

काम तसं सरळ आहे. वेल्डमेशचा रोल उलगडायचा, कातरायचा, घडी मारून वाकवायचा, कडा क्लिपांनी जोडायच्या, दार कापायचं, खाली पत्र्याचा ट्रे सरकवायचा. चाचांच्या हातातली क्लिप दाबायची पक्कड टक्‌टक्‌ करत कडेने पुढे सरकते, की पिंजरा उभा राहिला.

माझं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या पोराकडे जात होतं. बादलीत व्हिनेगर आणि पाणी घेऊन तो नव्या जाळीला ब्रश मारत होता. आंबूस वास गाळाभर कोंडला होता, डोळे चुरचुरत होते. मी जाळी डोळ्यांजवळ नेली. तारा जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात तिथे जस्ताचे बारीक थेंब गोठलेले होते, काहींना टोकं आलेली. नख लावलं तर एखादा सुटून येत होता. पोपटाच्या जातीचा पक्षी चोचीने धरत धरत जाळीवर चढतो, दिवसभर तार चावतो. हे कण पोटात गेले की जस्ताची विषबाधा होते, आणि घरच्यांना वाटतं हवा बाधली. घासल्याने धोका कमी होतो, पुरता जात नाही. पुरता घालवायचा तर स्टेनलेस स्टीलची जाळी, आणि तिचा भाव ऐकून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं.

“सगळे पिंजरे घासता?”

“ऑर्डरचे. दीड फुटीला परवडत नाही. सांगतो घरी पुसून घ्या म्हणून. कोण पुसतंय?”

तेवढ्यात एक गृहस्थ शाळकरी मुलीला घेऊन आले. सहा लव्हबर्ड आणि दोन कॉकटेल, सगळ्यांना मिळून एक पिंजरा हवा होता. आपल्याकडे लव्हबर्ड म्हणून विकले जातात ते बहुतेक ऑस्ट्रेलियातले बजरीगर आणि कॉकटेल म्हणजे कॉकटील, तेही तिथलेच. दोन्ही थव्याने राहणारे, म्हणून एकत्र ठेवायची कल्पना अगदीच चूक नाही. पण बजरीगर लहान असला तरी दांडगट असतो. कॉकटील अंगाने मोठा आणि स्वभावाने गरीब, त्यामुळे दीड फुटात मार तोच खातो. शिवाय रात्री अंधारात काही खुट्ट झालं की तो घाबरून आपटत सुटतो. आफ्रिकन लव्हबर्ड तर कुणात मिसळूच नयेत. ते शेजारच्याची बोटं तोडतात, म्हणून त्यांचे पिंजरे एकमेकांना खेटून ठेवायचे झाले तर चाचा मध्ये दुहेरी जाळी घालतात, दोन्हींत अंतर सोडून.

“गाळा किती घेऊ, साहेब?” चाचांनी विचारलं. दोन तारांमधल्या फटीला ते गाळा म्हणतात. बजरीगरला अर्धा इंच पुरे. त्याहून मोठी फट ठेवली तर डोकं अडकतं. झेब्रा फिंच आणखी लहान, त्यांना अर्धा इंचही जास्तच. साहेबांना त्यात रस नव्हता. त्यांनी कोपऱ्यातल्या उंच पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. दीड बाय दीड, उंची तीन फूट. जागा कमी खातो आणि दिसतोही भारी.

त्यावर चाचांनी जे केलं ते मी अजून विसरलेले नाही. काही न बोलता त्यांनी तो पिंजरा उचलला आणि आडवा केला. जाळी तेवढीच, तारही तेवढीच. फक्त आता आत तीन फुटांची धाव होती.

बजरीगर शेपटीसकट सात इंचांचा, पंख पसरले की फूटभर. दीड फुटात त्याने पंख उघडले की समोर जाळी आलीच. त्याला वर चढायचं नसतं, समोर उडायचं असतं. उंच पिंजऱ्यात सगळे वरच्या दांडीसाठी भांडतात, खालचा भाग विष्ठेसाठी उरतो. गोल, घुमटाच्या पिंजऱ्याची तऱ्हा त्याहून वाईट. घाबरल्यावर अंग चोरायला कोपरा नाही, आणि वर तारा जिथे निमुळत्या होत जातात तिथे बोट अडकतं. तरी दिवाणखान्यात शोभतो म्हणून तो खपतोच.

आडवी लांबी मिळाली तरी आतली मांडणी चुकली तर भांडणं सुटत नाहीत. चाळीत नळ एकच असला की सकाळी जे होतं, तेच एका वाटीवर होतं. एक दांडगी मादी वाटीवर बसते आणि दुबळा पक्षी भरल्या वाटीसमोर वाळत जातो. म्हणून राळ्याच्या आणि पाण्याच्या वाट्या दोन्ही टोकांना हव्यात. दांड्या एकाखाली एक नकोत, नाहीतर वरच्याची घाण खालच्याच्या डोक्यावर. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीने तळव्यांना फोड येतात. पेरूची किंवा कडुनिंबाची वेडीवाकडी फांदी त्याहून बरी, आणि ती फुकट मिळते. मडकी टांगायची असतील तर जोड्यांच्या दुप्पट, सगळी एकाच उंचीवर. उंचावर एकच मडकं असेल तर माद्या त्यासाठी रक्त काढतात. पिल्लं नकोच असतील तर मडकी टांगूच नयेत.

हे चाचांना पाठ आहे. पक्षी विकणाऱ्याने सांगायला हवं ते पिंजरे बांधणारा सांगतो. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला आणि तरी गाळ्यातली रास बघून अस्वस्थही झाले, कारण रास दीड फुटींचीच होती. “मी नाही बांधला तर दुसरा बांधतो,” ते म्हणाले. त्यात खोटं काही नाही.

मी असताना एकाने साध्या हिरव्या पोपटासाठी पिंजरा मागितला. आपला पोपट, मुनिया आणि असे इतर देशी पक्षी पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, पिंजरा कितीही ऐसपैस असला तरी. चाचांनी मान हलवली, माणूस निघून गेला. दुसरीकडे मिळाला असणार.

साहेबांनी शेवटी काय नेलं? दीड बाय दीडच, उभा. “पिंजरा पक्ष्यांपेक्षा महाग कसा?” हा त्यांचा प्रश्न होता. मुलगी मात्र आडव्या ठेवलेल्या पिंजऱ्याकडेच बघत होती. तिला विचारलं असतं तर सौदा वेगळा झाला असता.

तुम्ही घेणार असाल तर आधी पिंजऱ्याची जागा मोजा आणि मग पक्षी ठरवा. दोन जोड्या बजरीगरसाठी आडवी लांबी निदान तीन फूट हवी, तिसरी जोडी आणलीत तर चार. कॉकटील आणि आफ्रिकन लव्हबर्ड यांचे पिंजरे वेगळे. सरकतं दार चोचीने उचलता येतं, त्याला वरून क्लिप लावा. पिंजरा स्वयंपाकघराला लागून नको, कारण नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतात. नवी जाळी व्हिनेगरने घासून, धुऊन, उन्हात वाळवल्याशिवाय आत कुणाला सोडू नका. आणि घरात जागाच दीड फूट असेल, पक्ष्यांना रोज खोलीत मोकळं सोडणंही जमणार नसेल, तर पक्षी आणू नका.