परदेशी पाहुण्याला संसदेचा मान
मी मुलुंडला नागरिकशास्त्र शिकवते. ‘बाई, मंडेलांना भारतरत्न संसदेने दिलं ना?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो. नाही रे बाबांनो! १९९०चा तो किताब राष्ट्रपतींनी दिला. त्यासाठी पंतप्रधानांची शिफारस पुरते, खासदारांचं मतदान लागत नाही. अमेरिकेत रीत वेगळी. काँग्रेसचं सुवर्णपदक द्यायचं तर दोन्ही सभागृहांत कायदाच मंजूर करावा लागतो. दलाई लामांना ते २००७ मध्ये मिळालं.

आपली संसद परदेशी नेत्याला पदक देत नाही, सेंट्रल हॉलमध्ये बोलावते. ७ नोव्हेंबर २०१० ला कुलाब्यातल्या शाळेत मुलांबरोबर कोळीनृत्यावर (जरा अवघडूनच) थिरकलेले ओबामा दुसऱ्याच दिवशी तिथे दोन्ही सभागृहांच्या खासदारांपुढे बोलले. मला विचाराल, तर पदकापेक्षा हा मान मोठा.