बेन गुरियन ते मुंबई : अंतर किती, वेळ किती?

आमच्या शेजारच्या मावशी ८१ वर्षांच्या. ठाण्याला थोरली बहीण आजारी आहे, तरी त्या जायला तयार होईनात. मुलाने थेट विमानाच्या वेळा कागदावर लिहून दिल्या होत्या. कागद माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "सर, रात्री ८ ला निघून पहाटे ५ ला पोहोचायचं. नऊ तास बसायला माझे गुडघे ऐकतील का?"

मावशींना घड्याळाने फसवले होते. आपल्यापैकी पुष्कळ जण असेच फसतात, म्हणून हा हिशेब सांगतो.

तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. भारताचे घड्याळ आपल्या हिवाळ्यात साडेतीन तास पुढे असते आणि उन्हाळ्यात अडीच तास. मुंबईला जाताना हा फरक वजा करायचा, परतताना मिळवायचा. मावशींच्या ९ तासांतून साडेतीन गेले, उरले साडेपाच. परतीचे विमान सकाळी ७ ला सुटून साडेनऊला पोहोचते. पण तो प्रवास अडीच तासांचा नव्हे, सहा तासांचा. हिवाळ्यात खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो पाठीशी असतो, येताना समोरून लागतो.

आता अंतर पाहू. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही विमानतळांमध्ये दोरा ताणला तर सुमारे ४,०५० किलोमीटर भरतात. विमानाचा वेग ताशी ८५० ते ९०० किलोमीटर. चढणे-उतरणे धरले की पाच-साडेपाच तास होतात.

मग पूर्वी साडेसात-आठ तास का लागत? कारण अरबस्तानावरून वाट नव्हती. आपले विमान तांबड्या समुद्रावरून खाली एडनच्या आखातापर्यंत जाई आणि मग मुंबईकडे वळे. हा वळसा सुमारे दीड हजार किलोमीटरचा. मार्च २०१८ मध्ये एअर इंडियाच्या दिल्ली–तेल अवीव विमानाला सौदी अरेबियाने वाट दिली. इस्राएली विमानांसाठी सौदीचे आकाश जुलै २०२२ मध्ये खुले झाले. पण पुढे ओमान अडलेले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमाननेही परवानगी दिली, तेव्हा कुठे वाट सरळ झाली.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. वाटेत विमान बदलायचे असेल तर थांबण्याचे तास वेगळे धरावे लागतात. आणि लढाईच्या दिवसांत आकाश बंद होते, मार्गही बदलतात. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

मावशींनी माझ्याकडून हिशेब दोनदा करून घेतला. मग विचारले, "गुरुवारी रात्री निघाले तर शब्बाथचे दिवे ताईच्या घरी लावता येतील?" म्हटले, "शुक्रवारी पहाटे उतराल. दिवे लावायला सबंध दिवस हाती आहे."

गुरुवारचे तिकीट काढले आहे.